पंधरावा मासा

२९ जुलै

केटल नदीला आजपासून घुबड लागलं. धक्क्यावरच्या पाटीवर कागद डकवून गेलेत: नदीचं पाणी तापल्यामुळे दुपारी दोननंतर मासेमारी बंद. या बंदीला सगळे 'घुबड' का म्हणतात, ते पाहुण्यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. जुने लाकूडतोडे वणव्याच्या भीतीने उन्हाळ्यात पहाटे घुबडं घुमत असतानाच कामाला लागायचे आणि दुपारी करवती खाली ठेवायचे, म्हणून. पूर्वी घुबड कधीतरी लागायचं. आता जुलै सरत आला की लागतंच. पाहुणे विचारतात, बाई, जेवणानंतर मग आम्ही काय करायचं? काय करायचं म्हणजे, झोपा.

घरी आले तर क्लिफने दारातूनच विचारलं, "किती?" मी होडी वल्हवून लोकांना मासे पकडायला न्यायला लागले तेव्हापासून माझा नवरा मला हा एकच प्रश्न विचारत आलाय. कशी आहेस नाही, दमलीस का नाही.

"दोन," म्हटलं.

"दोन डझन?"

"दोन. खांदा दुखतोय माझा, टिंगल नको."

३ ऑगस्ट

काल क्लबाची बैठक झाली. आमचा गळ-बंदूक क्लब म्हणजे अर्धे मासेवाले, अर्धे शिकारी, आणि सगळे मिळून तक्रारखोर. अध्यक्ष डेल ब्रॅनिगन. हा एल्कची, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या सांबरांची, शिकार करणारा माणूस, आवाज असा की समोरच्या डोंगरावरच्याला हाक मारतोय असं वाटावं. खोलीत आम्ही नऊच जण होतो, तरी तो तसाच बोलतो.

विषय हवामानाच्या विधेयकाचा. जानेवारीत ते राजधानीत, हेलेनाला, मोंटाना राज्याच्या सेनेटसमोर येणार आहे. कोळशाच्या धुराला मर्यादा घालायची आणि धूर करणाऱ्यांकडून घेतलेला पैसा नद्या आणि जंगलं सांभाळायला वापरायचा, असा एकूण मामला. आधी ते समितीत पास व्हायला हवं, आणि समितीत अर्धे इकडे, अर्धे तिकडे. मधे लोंबकळतोय एकच, सेनेटर रॉइस स्टॅडलर, पूर्वेकडच्या गव्हाच्या मुलखातला. समितीत अडलं तर संपलंच, कारण आमची विधानसभा एक वर्ष सोडून बसते.

"माणसाला भाषण देऊन काही होत नाही," डेल म्हणाला. "त्याला नदी दाखवायची. गुडघाभर पाण्यात उभा केला की आपोआप कळतं."

"आणि मग सगळे मिळून झाडांना मिठ्या मारू," लाइल ओस्बी म्हणाला. "मी म्हणतो, तुम्ही सगळे पुढच्या वर्षी पालाच खायला लागणार." त्याने क्लबाची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि निघून गेला. बावीस वर्षांचा सभासद. टोपी अजून तिथेच आहे, कोणी उचलत नाही.

डेलने विचारलं, स्टॅडलरला कोण नेणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं नाव पुढे करायला कोणाला कष्ट पडत नाहीत.

११ ऑगस्ट

आजचं सगळं लिहून ठेवते, नंतर विसरायला नको.

सेनेटर स्टॅडलर उजाडताच हजर. मला वाटलं होतं इस्त्रीतला माणूस येईल, तर वडिलांची जुनी फेल्टची टोपी घालून आलेले. मोठे हात, लाजरं हसू. स्वतःच्या थर्मासमधली कॉफी आधी मला दिली. "बाई, लहानपणी तळ्यात कॅटफिश पकडलेत, त्यापलीकडे माझी मजल नाही. बुडवू नका म्हणजे झालं." हा माणूस आवडून घ्यायचा नाही असं मी ठरवून गेले होते. ते पहिल्या वळणापर्यंतसुद्धा टिकलं नाही.

मी बोलायचं सगळं तयार ठेवलं होतं. पाणी किती तापलंय, काठाला शेवाळ कसं माजलंय, जुलैत व्हाइटफिश कसे पोट वर करून वाहत आले. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता सांगू. मग वाटायचं, आधी एक मासा लागू दे, रिकाम्या जाळीपुढे कोण ऐकून घेतं? पण मासा लागेना. स्टॅडलर काही वाईट फेकत नव्हते, गळाला लावलेली पिसांची माशी बरोबर मी सांगेन तिथे पडत होती. पण खाली घ्यायलाच कोणी नाही. वर वणव्याचा धूर, सूर्य नुसता तांबडा. जेवणाच्या सुमाराला ते गप्प झाले. मग म्हणाले, "काय सुंदर देखावा आहे हो." पाहुणा देखाव्याचं कौतुक करायला लागला की दिवस गेला म्हणून समजावं.

मला ते बघवेना. माझ्या होडीतून आजवर एकही पाहुणा विन्मुख गेलेला नाही. पावसात नाही, गारांत नाही, दारू पिऊन आलेलासुद्धा नाही.

तर मी त्यांना झऱ्याच्या तोंडाशी नेलं.

जुन्या रेल्वेपुलाच्या खाली, वाळुंजाच्या झाडांआड डोंगरातला गार झरा केटलला मिळतो. तापत्या दिवसांत आजूबाजूचा झाडून सगळा ट्राउट मासा तिथे येऊन उभा राहतो, पाठीला पाठ लावून, कारण तिथेच त्याला श्वास घेता येतो. घुबडाच्या दिवसांत तिथे गळ टाकायचा नाही, हा आमचा नियम. कुठल्या पाटीवर लिहिलेला नाही, पण जो पाळत नाही त्याच्याशी आम्ही बोलणं टाकतो. गेल्या वर्षी मीच एका दंतवैद्याच्या होडीला दगड मारला होता. आणि आज मीच वल्ही वळवली. म्हटलं, एक दिवस, एक माणूस. कायदा झाला तर सगळ्या नदीचंच भलं आहे.

पहिल्याच फेकीला मासा. मग दुसऱ्या. मग मोजणं मागे पडायला लागलं. चौदा मासे जाळीत घेऊन सोडले. पंधरावा ओंडक्याखालून आला, सगळ्यांत मोठा. फोटोसाठी त्यांनी तो उचलून धरला, तो हातातून सटकून होडीत आपटला, पुन्हा उचलला, पुन्हा सटकला, मग पाण्यात गेला. स्टॅडलर लहान मुलासारखे हसत होते. टोपी काढून म्हणाले, "देवा रे, नदी आहे की काय आहे ही! नुसती भरलीय माशांनी!" मीही हसत होते. बऱ्याच दिवसांत इतकी हसले नव्हते. धक्क्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "व्हर्ना, हा दिवस मी विसरणार नाही."

आपला झाला. डेलला फोन करून तसंच सांगितलं, आपला झाला.

क्लिफ एल्कचा खिमा परतत होता. "किती?"

"पंधरा!"

"या दिवसांत? कुठे?"

सांगितलं. त्याने गॅस बारीक केला. "मासे तिथे का जमले होते, ते सांगितलंस त्याला?"

"सांगायला वेळ कुठे होता? दोन वाजत आले होते. आणि माणूस इतका खूश होता, त्यात कुठे रडगाणं गायचं?"

"हं," क्लिफ म्हणाला. त्याचा हा 'हं' मला लग्नाआधीपासून आवडत नाही.

१२ ऑगस्ट

सकाळी एकटीच पुलाखाली गेले. ओंडक्याला अडकून पंधरावा मासा उलटा तरंगत होता. कल्ले पांढरे पडलेले. काढून वाळुंजाखाली पुरला. बाकीचे होते तिथेच उभे होते, मी जवळ गेले तरी हलले नाहीत.

एका माशाचं काय घेऊन बसायचं.

२ सप्टेंबर

स्टॅडलरांचा फोन. त्यांनी तो फोटो मोठा करून कचेरीत लावलाय. येईल त्याला दाखवतात. "लोक म्हणतात कॅनडात गेला होतास का? मी म्हणतो, छे, आपल्याच मोंटानात, व्हर्ना टोलेफसनच्या नदीवर!" मला कसंसंच झालं, पण बरंही वाटलं. विधेयकाचं मी काही बोलले नाही. एवढ्या उमाळ्याने बोलणाऱ्या माणसाला कामाचं कसं विचारायचं?

१४ नोव्हेंबर

डेलबरोबर पाच दिवस डोंगरातल्या शिकारीच्या तळावर. मला एल्क मारायचा नव्हता, स्वयंपाकाला आणि सोबतीला गेले. बर्फ नाहीच. जमीन उघडी, पायाखाली गवत कुरकुरतंय, एकाही खुराचा ठसा नाही. बर्फ पडल्याशिवाय एल्क खाली उतरत नाहीत. ते वर कड्यांवर ऊन खात बसलेत, आणि डेलचे गुडघे आता तिथवर जात नाहीत. रोज पहाटे तो बंदूक घेऊन निघायचा आणि अंधार पडताना नुसतीच बंदूक घेऊन यायचा. काल तो तंबूबाहेर नुसत्या शर्टावर बसला होता. नोव्हेंबरात!

"व्हर्ना, माझ्या आज्याने मला शिकवलं ते सगळं बर्फावर लिहिलेलं होतं," तो म्हणाला. "आता मी वाचू काय?"

एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस इतकं हळू बोलला की मी चुलीतली लाकडं उगाचच वरखाली केली. मग म्हटलं, हेच हेलेनाला बोल. तो म्हणाला, तिथे मी शिव्या देईन.

हिवाळ्यासाठी घरात मांस नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

१९ जानेवारी

समितीपुढे दोन मिनिटं बोलायला मिळणार. क्लिफपुढे तालीम केली. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "यात झरा कुठाय?"

"गाळला."

"का?"

"स्टॅडलर समोर बसणार. त्यांच्या तोंडावर कसं सांगू, की तुम्ही पकडलेत ते मासे जीव वाचवायला तिथे आले होते? चार लोकांत? पाहुणा होता तो माझा."

"तू पाहुणचार करायला चाललीस की साक्ष द्यायला?"

मी म्हटलं, तू बटाटे सोल. पण नंतर पुन्हा कागद काढला आणि झऱ्याचं एक वाक्य लिहिलं. मग खोडलं. मत आपल्या खिशात असताना माणसाला दुखवायचं कशाला? डेलही म्हणाला, असू दे, जमलेलं मोडू नकोस.

२७ जानेवारी, हेलेना

पडलं.

मोटेलमध्ये बसून लिहितेय. डेल पलीकडच्या खोलीत आहे, टीव्ही मोठ्याने लावलाय.

डेल चांगला बोलला. एकही शिवी नाही. बर्फाचं, ठशांचं, आज्याचं सांगितलं. एक बाई डोळे पुसत होती. मग मी. कागद दोन्ही हातांनी धरला आणि पाणी, शेवाळ, व्हाइटफिश, सगळं वाचलं. समितीतले लोक मान हलवत होते. मला वाटलं, होतंय.

मग स्टॅडलर बोलायला लागले. आधी माझ्याकडे बघून हसले, आपल्या माणसाकडे बघावं तसं. म्हणाले, "या दोघांबद्दल मला फार आदर आहे. पण मी शेतकऱ्याच्या पोटचा, डोळ्यांनी बघतो त्यावर विश्वास ठेवतो. ऑगस्टात व्हर्ना मला तिच्या नदीवर घेऊन गेली होती. ऐन उन्हाळा, वरून धूर. मी गळ टाकायचा कसा तेही धड न येणारा माणूस, आणि एका तासात चौदा ट्राउट! मित्रहो, मरायला टेकलेली नदी अशी असते का? व्हर्ना, खोटं बोलत असेन तर सांग. चौदा होते की नाही?"

आणि मी उठून म्हणाले, "पंधरा, साहेब. ओंडक्याखालचा विसरलात."

सगळी खोली हसली. स्टॅडलरांनी टेबलावर थाप मारली, "ऐका! पंधरा!" समितीच्या अध्यक्षबाईसुद्धा हसल्या, मला धन्यवाद म्हणाल्या आणि पुढचं नाव पुकारलं. मी खाली बसले.

आता इथे बसून स्वतःला विचारतेय, पुढे 'आणि तो मेला' असं मला म्हणायचं होतं का? म्हणायचं होतं, असं मी डेलला गाडीत सांगितलं. पण खरं सांगायचं तर ठाऊक नाही. कोणी किती म्हणून विचारलं की माझ्या तोंडातून आकडा येतो, आणि पाहुण्याचा आकडा कमी पडत असेल तर मला राहवत नाही. एवढंच झालं असणार.

मतं बरोबरीत सुटली. बरोबरीत सुटलं की विधेयक पडतं. स्टॅडलर बाहेर भेटले, म्हणाले, "मनाला पटलं तसं केलं, राग नका धरू." त्यांच्या तोंडावर जराही कपट नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, शिवी तरी देता आली असती.

२८ जानेवारी

घरी परतताना खिंड ओलांडली. मग डेल म्हणाला, "ओंडक्याखालचा."

मी काचेवरचं धुकं पुसलं.

"उद्या तुला कोणी फासावर चढवायला नेलं ना, व्हर्ना, आणि दोरी आखूड पडली, तर तू आत जाऊन लांब दोरी आणून देशील."

मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने गाडी कडेला घेतली, कारण त्याला समोरचं दिसेना. मी त्याला माझा रुमाल दिला. 

२३ जुलै

पुलाखाली आज सहा होड्या. एकाने मला विचारलं, सेनेटरवाली जागा हीच ना? म्हणजे स्टॅडलर सगळ्यांना सांगत सुटलेत, आणि वाईट हेतूने नाही, कौतुकानेच. मी दगड उचलला आणि खाली टाकला. कोणत्या तोंडाने मारू?

९ ऑगस्ट

स्टॅडलर आले होते.

फोन त्यांनीच केला होता. डेल म्हणाला, त्याला म्हणावं डबक्यात जा. मी म्हटलं, नेते. का म्हटलं ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

नवी गळकाठी, तीच टोपी. कॉफी आधी मला. घुबड लागून तीन आठवडे झालेत. या वेळी मी वाट बघितली नाही. निघाल्या निघाल्या म्हटलं, हात पाण्यात घाला. ते म्हणाले, "कोमट आहे की!" मी म्हटलं, हं. माझ्या तोंडून क्लिफचाच 'हं' निघाला. मग वल्हवत राहिले. सगळी नदी दाखवली, प्रत्येक डोह, प्रत्येक वळण. ते फेकत राहिले. काही नाही. देखाव्याचं कौतुक झालं. मला आत काहीतरी ओढत होतं, खांद्यापेक्षा जास्त दुखत होतं, पण मी वल्ही वळवली नाहीत.

पूल दिसला तसे ते सावरून बसले. "आलो ना आपल्या जागी?"

होड्या नव्हत्या, नशीब. मी वाळुंजांपाशी होडी थांबवली आणि म्हटलं, काठी खाली ठेवा, परत हात घाला. त्यांनी घातला आणि चटकन बाहेर काढला. झरा बर्फासारखा गार. मग वाकून खाली बघितलं. मासे उभे होते, गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी कमी, तोंडं उघडी टाकून. आमची सावली पडली तरी हलेनात.

"हे पळत का नाहीत?"

"कुठे पळतील? मघाशी कोमट पाण्यात हात घातला होतात ना, तिकडे?"

ते पुन्हा वाकले. मी म्हटलं, "तो पंधरावा मेला, साहेब. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुरला त्याला."

"ओंडक्याखालचा?"

"तोच."

"हे तेव्हा का नाही दाखवलंत?" ते रागावून म्हणाले, आणि त्यांचा राग मला बरा वाटला. "निदान त्या दिवशी हेलेनाला बोलायचं होतंत!"

"सगळे हसत होते."

"मीच हसवत होतो," ते म्हणाले. टोपी काढली, तिच्यात खोचलेली माशी उगाच काढून पुन्हा खोचली.

 धक्क्यावर उतरताना त्यांनी ना काही कबूल केलं, ना मी विचारलं. पुढच्या अधिवेशनात ते काय करतील, देव जाणे. जाताना हात मिळवला, या वेळी एकाच हाताने. काठी न उलगडताच गाडीत टाकली.

माझ्या होडीतून पहिल्यांदाच पाहुणा रिकाम्या हाताने गेला. वाटेत दोनदा गाडी वळवावीशी वाटली, त्यांच्या मागे जाऊन निदान मुरंब्याची बरणी तरी द्यावी म्हणून. वळवली नाही.

क्लिफ दारातच उभा होता. "किती?"

"एकही नाही."

त्याने माझ्या हातातला डबा घेतला, थर्मास घेतला, आणि माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"दमलीस का गं?"

"हो," म्हटलं. "खूप."